आठवीच्या वर्गाला काच, काळे पडदे आणि किलोभर माती हवी आहे

गावातल्या सर्व मंडळींना आणि कामधंद्यासाठी सुरत, पुणे, नाशिकला गेलेल्या आपल्या माणसांना शाळा व्यवस्थापन समितीचा नमस्कार.

मागणी आधी सांगून टाकतो. ज्याला घाई आहे त्याने एवढंच वाचलं तरी चालेल. आपल्या जिल्हा परिषद शाळेत आठवीची ३१ मुलं आहेत. विज्ञानाचे प्रयोग त्यांना स्वतःच्या हाताने करता यावेत म्हणून मागची रिकामी खोली प्रयोगासाठी तयार करतो आहोत. सामानाचा खर्च ३०,००० रुपये आहे. ११,२०० जमले, १८,८०० कमी आहेत. २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, खोली उघडायची आहे. सामान आणायला, पडदे शिवायला दोन आठवडे जातीलच. म्हणून १० फेब्रुवारीच्या आत हातभार लागावा, ही विनंती.

आता हे कशावरून निघालं ते सांगतो. समितीत मी पालक म्हणून आहे. पोरगा आठवीत आणि घरी केळीची बाग, एवढीच माझी पात्रता. कायद्याने या समितीत चारातले किमान तीन सभासद पालकच असावे लागतात. त्यामुळे विज्ञान शिकलेला माणूस इथे शोधूनच काढावा लागतो.

डिसेंबरात विज्ञानाच्या मॅडमनी आम्हा पालकांना वर्गात बसवलं. टेबलावर पाच काचेचे ग्लास मांडले होते. एकात साधं पाणी, एकात मिठाचं, एकात माती कालवलेलं, एकात दुधाचे दोन थेंब टाकलेलं आणि शेवटच्यात पातळ केलेली तांदळाची पेज. खिडक्यांना खताच्या रिकाम्या गोण्या बांधून अंधार केला होता. अंधार कसला, गोणीच्या प्रत्येक विणीतून उजेड गळत होता. बॅटरीच्या तोंडावर काळा कागद, त्याला सुईने पाडलेलं भोक. त्या भोकातून निघणारा झोत एकेका ग्लासातून सोडायचा आणि बाजूने बघायचं, एवढाच प्रयोग.

पुस्तकाप्रमाणे द्रावणात, म्हणजे मिठाच्या पाण्यात, झोत दिसायला नको. मिठाचे कण पाण्यात इतके बारीक होऊन मिसळतात, एक नॅनोमीटरच्याही आत, की उजेडाला अडवायला काही उरतच नाही. एक नॅनोमीटर किती, तर आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे ऐंशी हजारांच्या आसपास बसतील. दुधासारख्या कलिलात कण त्याहून मोठे असतात, साधारण हजार नॅनोमीटरपर्यंत. ते तळाशी बसत नाहीत, गाळणकागदातूनही पार होतात, पण उजेड विखुरतात, म्हणून झोताची वाट पाण्यात उजळून दिसते. मातीच्या पाण्याला पुस्तकात निलंबन म्हणतात. त्यातले कण मोठे, थोडा वेळ ठेवलं की खाली बसतात.

मॅडमनी बॅटरी लावली आणि पहिल्याच ग्लासात, नुसत्या पाण्यात, झोत लख्ख दिसला!

मागच्या बाकावरची एक मुलगी लगेच बोलली, "मॅडम, पण पुस्तकात दिसत नाही म्हणून लिहिलंय." मिठाच्या पाण्यात तर त्याहून जास्त दिसला. पालक एकमेकांकडे बघायला लागले. "पुस्तकात आहे तसं लिहा आणि पुढे चला," असं म्हणून तास उरकता आला असता. मॅडम म्हणाल्या, "मग आपल्या पाण्यात काहीतरी आहे. काय असेल?"

होतंच. पाणी बोअरचं, टाकीतून आलेलं. डोळ्याला नितळ दिसलं तरी त्यात क्षार, गंज, बारीक माती असतेच. आणि पाकिटातलं मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जी भुकटी घालतात, ती पूर्ण विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी एका पालकाने गॅरेजवरून ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला. त्यात मीठ विरघळवून रात्रभर निवळू दिलं आणि वरचं पाणी अलगद काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी झोत ग्लासात शिरला आणि आत जवळजवळ नाहीसाच झाला. पलीकडे धरलेल्या कागदावर मात्र ठिपका तसाच. शेजारच्या दुधाच्या ग्लासात झोत निळसर दिसत होता, आणि त्याच ग्लासातून पलीकडे पडलेला ठिपका तांबूस. संध्याकाळचा सूर्य तांबडा का दिसतो, याचं अर्धं उत्तर पोरांनी तिथेच दिलं.

एका साध्या प्रयोगाला तीन दिवस लागले. ग्लास पाचच, म्हणून ३१ मुलांनी रांग लावून एकेकदा डोकावून पाहिलं. हात कोणाचाच लागला नाही. हे काही बरोबर नाही, असं त्या दिवशी सगळ्याच पालकांच्या बोलण्यात आलं. त्यातून हे आवाहन निघालं.

कोणी म्हणेल, शहरातल्या शाळेला शोभतं हे, आपल्याला काय करायचं कलिल नि निलंबन. त्यांना माझीच फजिती सांगतो. गेल्या वर्षी मी ठिबकमधून खत सोडायला दोनशे लिटरच्या ड्रमात कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे फॉस्फेटचं खत एकत्रच ओतलं. दोन्ही विद्राव्य, दोन्हीचं वेगवेगळं पाणी आरशासारखं. म्हटलं, दोन फेऱ्या कशाला? काठीने ढवळलं तसं ड्रमातलं पाणी चुन्यासारखं पांढरं झालं. मी तरीही व्हेंच्युरीला, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीला, जोडलं. आठ दिवसांनी अर्ध्या बागेचे ड्रीपर बंद, मग ॲसिड सोडून नळ्या धुतल्या, त्यात मजुरी गेली ती वेगळीच. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट तयार होतं. म्हणजे दोन द्रावणं मिसळून मी स्वतःच्या हाताने निलंबन केलं होतं. दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

उरलेली दोन्ही खतं चिमूट चिमूट मी शाळेत दिली. मॅडमनी दोन ग्लासांत दोन नितळ पाणी केलं, तिसऱ्यात एकत्र ओतलं. पोरगा घरी येऊन म्हणाला, "पप्पा, तुमचा ड्रम आज वर्गात झाला." आता घरात खताची गोणी आली की आधी तो वाचतो.

फवारणीचंही तेच. पाण्यात भिजणारी पावडर, मग ते गंधक असो की दुसरं बुरशीनाशक, विरघळत नाही. तिचं निलंबन होतं. पंप हलता ठेवला नाही तर पावडर तळाशी बसते, मग एका ओळीला नुसतं पाणी मिळतं आणि दुसरीची पानं करपतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण ज्या दिवशी केलं त्याच दिवशी मारा, असं जुनी माणसं सांगत आली, कारण ठेवलं की त्याचे कण जाड होऊन खाली बसतात आणि पानाला धरत नाहीत. जे औषध पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होतं, त्यात तेलाचे बारीक थेंब तरंगत असतात. दोन औषधांचं जमलं नाही की आपण 'औषध फाटलं' म्हणतो. दूध फाटावं तसंच ते फाटतं, शब्द अगदी नेमका आहे. टाकीत टाकण्याआधी बरणीत थोडं थोडं मिसळून अर्धा तास पाहिलं तर पंधरा लिटरचा पंप वाया जात नाही. विरघळणं, कालवणं, निवळणं, फाटणं हे शब्द तर आपल्या घरात आधीपासून आहेत. मुलांना फक्त त्यामागचं दिसलं पाहिजे.

निवळण्यावरून आठवलं. आमच्या आजीच्या वेळी पावसाळ्यात गिरणा नदीचं पाणी घरात यायचं ते चहाच्या रंगाचं. आजी तुरटीचा खडा चार वेळा फिरवायची आणि आम्ही तांब्या बुडवायला गेलो की हात धरायची, "थांब, पानी निवयू दे." मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत आणि तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण गोळा होतात, जड होतात आणि बसतात. वर्गात पोरांनी हे केलं तेव्हा एकाने विचारलेल्या प्रश्नाने मॅडमही थांबल्या. तुरटी न घातलेल्या काळ्या मातीचा ग्लास तीन दिवस तसाच ठेवला होता. रेती लगेच बसली, वरचं पाणी मात्र गढूळच, आणि त्यात झोत दिसतोय. "मग हे निलंबन की कलिल?" उत्तर असं की दोन्ही. रेतीचा कण एका ग्लासाची उंची काही सेकंदांत उतरतो. चिकणमातीचा दोन मायक्रोमीटरचा कण फक्त दहा सेंटीमीटर खाली यायला आठेक तास घेतो, आणि त्याहून बारीक असला तर दिवसच्या दिवस. आपल्या काळ्या रानात असली चिकणमाती भरपूर. पुस्तकातला तीन रकान्यांचा तक्ता पाठ करणाऱ्याला हा प्रश्न पडलाच नसता.

म्हणून पैशाइतकीच दुसरी एक गोष्ट मागतो आहोत. प्रत्येकाने आपल्या शेतातली किलोभर माती आणून द्यावी. काळी कसदार, नदीकाठची गाळाची, मुरमाड, गावठाणातली पांढरी, जी असेल ती. कोणाचे पाहुणे सातपुड्याच्या पायथ्याला असतील तर तिकडची तांबूसही चालेल. पिशवीवर गट नंबर लिहा. एका फळीवर बरण्या मांडून कोणाची माती किती वेळात बसते ते मुलं पाहतील आणि लिहून ठेवतील. बांधावर पाणी का साचतं हेही त्यातून थोडंफार कळेल, असं माझं मत. मॅडम म्हणतात, आधी पाहू या.

पैशाचा हिशेब असा. चौघांचा एक याप्रमाणे आठ गट होतात. त्यांच्यासाठी बीकर, नरसाळी, गाळणकागदाच्या घड्या धरून काचसामानाचे ७,००० रुपये. दोन मजबूत टेबलं ८,०००. जाड काळ्या कापडाचे पडदे, पाइपसकट, ३,५००. डिस्टिल्ड वॉटर, तुरटी, मोरचूद वगैरे वर्षभराचं २,०००. सगळ्यात मोठी रक्कम मायक्रोस्कोपची, ९,५००. त्याखाली पाणी घातलेल्या दुधाचा थेंब ठेवला की स्निग्धाचे गोल कण दिसतात, आणि त्यातले बारीक जागच्या जागी थरथरत असतात. ते कोणी ढवळत नाही, पाण्याचे रेणूच त्यांना चहूबाजूंनी धक्के देतात. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये फुलांच्या परागातले कण असेच हलताना पाहिले होते. काही जणांनी मायक्रोस्कोप पुढच्या वर्षी घेऊ असं सुचवलं. आमचं म्हणणं, आत्ताची आठवी पुढच्या वर्षी नववीला दुसऱ्या गावी जाणार, त्यांचं काय? हे सगळे भाव दुकानांत विचारून आलेले आहेत, आणि बिलं शाळेच्या फलकावर लागतील. शाळेला वर्षाचं जे अनुदान येतं ते वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्तीतच संपतं. त्यातून हे निघणार नाही.

हिवाळ्यात आपल्याकडे शेताशेतात भरिताच्या पार्ट्या झडतात. वांगी, तेल, पुरीचा खर्च वर्गणीने निघतो आणि कोणी कुरकुर करत नाही. तेवढीच वर्गणी शाळेसाठी निघाली तरी काम होईल. भरीत बंद करा, असं अजिबात म्हणणं नाही.

सुतारकाम, वेल्डिंग, पडदे शिवणं, भिंतीला चुना लावणं, यात कोणी दोन दिवस देणार असेल तर तेही देणगीतच धरू. त्या खोलीच्या पत्र्याला एक भोक आहे. सकाळी दहाच्या सुमाराला त्यातून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धूळ नाचताना दिसते. हवेतल्या अशाच कणांवर उजेड सोडून जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात बरेच प्रयोग केले. झोत उजळून दिसण्याला त्याचंच नाव आहे, टिंडल परिणाम. त्याच्याही आधी, १८५७ मध्ये, मायकेल फॅरेडेने सोन्याचे अतिशय बारीक कण असलेलं पाणी केलं आणि त्यात झोत दिसतो हे टिपलं. ते पाणी माणकासारखं लाल होतं. जळगावच्या सराफ्यात सोन्याचा हा रंग कोणी दाखवणार नाही! तर पत्रा दुरुस्त करायला येणाऱ्या भाऊला विनंती, तेवढं भोक बुजवू नका. पावसाळ्यापुरतं झाकण करून द्या.

एक-दोन गोष्टी नक्की नको आहेत. औषधांच्या रिकाम्या बाटल्या, कितीही धुतल्या असल्या तरी, शाळेत आणू नयेत. मुलांचे हात तोंडापासून लांब नसतात. जत्रेत मिळणारे हिरव्या उजेडाचे लेझरही नकोत. झोत सुंदर दिसतो, पण डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. साधी एलईडी बॅटरी पुरते.

रोख रक्कम मुलांच्या हाती देऊ नये. शाळेच्या कार्यालयात शाळेच्या वेळात द्यावी आणि समितीची छापील पावती घ्यावी. बाहेरगावच्या मंडळींना समितीच्या बँक खात्याचा तपशील मुख्याध्यापक देतील. खात्यावर समितीचंच नाव आहे याची खात्री करूनच पैसे पाठवा. नाव जाहीर करायचं नसेल तर पावतीवर तसं लिहून द्या.

२८ फेब्रुवारीला सकाळी नऊला खोली उघडेल. पाहुणा कोणी बोलावलेला नाही. आठवीची मुलंच प्रयोग करून दाखवतील, आणि ज्याला आपल्या विहिरीचं पाणी झोतात धरून पाहायचं असेल त्याने ते स्वच्छ बाटलीत भरून आणावं. जॅमच्या, कॉफीच्या, लोणच्याच्या काचेच्या बरण्या मात्र आजपासूनच आणून दिल्या तरी चालतील. झाकणासकट आणा, गेल्या खेपेला पंधरा आल्या आणि झाकणं निघाली चार.

शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने,
एक पालक सदस्य