शनिवारी समान संधी कक्षात जायचं आहे

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता आपण सगळे विद्यापीठाच्या समान संधी कक्षात (दिव्यांग आणि वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांना मदत करणारा विभाग) जाणार आहोत. ग्रंथालयाच्या मागच्या दारापाशी जमूया. तिथे रॅम्प आहे, व्हीलचेअर थेट आत जाते.

ज्यांना लेखनिक (परीक्षेत आपण सांगू ती उत्तरं लिहून देणारी व्यक्ती) हवा आहे त्यांनी अर्ज याच दिवशी द्या. मागच्या परीक्षेला आपला एक मित्र पेपरच्या सकाळी जिन्यात बसून फोनवर फोन करत लेखनिक शोधत होता. ती वेळ पुन्हा कुणावर येऊ द्यायची नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्यांना ताशी किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. हा हक्क आहे, मागताना संकोच नको.

सोबत आणा:
- यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स, बोनाफाईड
- अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांनी स्वाधार योजनेसाठी (राहण्या-जेवणाच्या खर्चाला सरकारी मदत) जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला

कुणाची जात, आजार किंवा लिंगओळख यावर गटात चर्चा करू नये. तक्रार असेल तर कक्षात एकट्याने बोलता येईल.

गुरुवारपर्यंत नाव कळवा. सांकेतिक भाषेचा दुभाषी लागणार असेल तर तेही तेव्हाच सांगा.