पैसे आले, हिशेब कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अतिवृष्टीच्या मदतीबद्दल जे छापून येते ते बहुतेक कोटींत असते. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, तेव्हाही तेच झाले. आमच्या सीना नदीकाठी आकडा बघतात तो मोबाइलवर. खात्यात इतके जमा. जमिनीच्या कोणत्या गटाचे, किती क्षेत्राचे, कोणत्या दराने, यातले काहीच त्या मेसेजात नसते.

त्या मदतीचे दर गावात पोराटोरांनाही पाठ आहेत. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, मर्यादा तीन हेक्टर. शिवाय रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे. दर तुटपुंजे आहेत हे खरेच. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने जिरायतीचा दर १३,६०० केला होता, तो मे २०२५ मध्ये पुन्हा खाली आणला. त्यावर पुष्कळ लिहून झाले. मला लिहायचे आहे ते पंचनाम्याच्या कागदाबद्दल.

माझा एक एकर कांदा गाळाखाली गेला. पंचनाम्याला आलेल्यांनी बांधावर उभे राहून फोटो काढला, माझी सही घेतली आणि बाकीचे रकाने नंतर भरतो म्हणाले. गुडघाभर चिखल, त्यांच्याकडे आणखी गावे, तेही मेटाकुटीला आलेले. त्यांच्यावर माझा राग नाही. पुढे त्या कांद्यापोटी ३,४०० जमा झाले, म्हणजे दर जिरायतीचा लागला. बागायत धरले असते तर ६,८०० झाले असते. शेजारी पुतण्याचा कांदा, पाणी एकाच विहिरीचे, त्याला बागायतीने मिळाले. विचारायला गेलो तर गावात सांगतात, यादी तालुक्याला गेली. तालुक्याला सांगतात, यादी खालूनच अशी आली. ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवर स्वतः केलेली पिकाची, नोंद जोडून अर्ज दिला. पण माझ्या पंचनाम्यात नेमके काय लिहिले आहे तेच मला ठाऊक नाही, मग हरकत कशावर घ्यायची?

कांद्याचे एक वेळ सोडा. ज्यांची माती वाहून गेली, त्यांचा फरक फार मोठा आहे. त्या पॅकेजात, जमीन खरडल्याची नोंद झाली तर हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचे काम होते. नोंद करायची राहून गेली तर निव्वळ पिकाचे पैसे. नदीकाठच्या माणसाला हे कळते ते पैसे जमा झाल्यावर, तोवर त्याने उसनवारी करून कुठून तरी गाळ आणून टाकलेला असतो आणि फेरपाहणीला दाखवायला खड्डाच उरत नाही.

लाभार्थ्यांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी, असे मदतीच्या शासन निर्णयांत लिहिलेले असते. पण ती वाटपानंतर, आणि बघणार कोण? पंचनामा झाल्या जागी भरलेल्या कागदाचा फोटो शेतकऱ्याला मोबाइलवर काढू द्यावा. पैसे सोडण्याआधी गटनिहाय यादी, क्षेत्र, पिकाचा प्रकार आणि रकमेसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि हरकतींना आठवडाभर द्यावा. मदत तेवढी लांबेल, हे मला मान्य आहे. तरी सामाईक खात्याची संमतीपत्रे, वारसनोंदी आणि ई-केवायसी यांत जे महिने जातात, त्यापुढे एक आठवडा काहीच नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. परांडा, जि. धाराशिव