आजीच्या ओव्या मिळाल्या

ती. आई-बाबा, सा. न.

दिवाळीत माळ्यावरचा जुना काँप्युटर पुण्याला घेऊन निघालो तेव्हा आई म्हणाली होती, कशाला ते धूड नेतोस, भंगारवाल्याला देऊन टाक. आई, त्यातल्या आजीच्या ओव्या काल रात्री बाहेर निघाल्या, सगळ्याच्या सगळ्या! फोनच करणार होतो पण बाबांना कसं कसं झालं ते सगळं हवं असणार म्हणून लिहितोय.

मशीन चालू झालं पण आतला सेल मेलेला, तारीख 1980 दाखवत होतं. तपकीर गल्लीत जाऊन सेल आणि नेटची केबल आणली. हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला लावून बघितली तर हल्लीचं अडॅप्टर 540 एमबीची डिस्क ओळखेचना. यूएसबी नाहीच, आणि फ्लॉपी ड्राइव्ह वाचतो पण लिहायला गेलं की कुठलीही फ्लॉपी टाका, राइट प्रोटेक्टेड म्हणतो. म्हणजे आत न्यायला वाट आहे, बाहेर काढायला नाही. मग राहिलं मागचं नेटवर्क कार्ड. बाबा, तुम्ही ऑफिसच्या मोडीतून मशीन घेतलंत तेव्हापासून ते आत आहे, कधी वापरलंच नाही आपण.

त्यावर कंपनीचं नाव नाही, जंपरच्या (टोपी लावून सेटिंग बदलायच्या) पिना आहेत पण कुठली कशाची ते छापलेलं नाही, कागद तर नाहीच. ब्रशने धूळ काढून टॉर्च तिरका धरला तेव्हा मोठ्या चिपवर रिअलटेक 8019 एवढं वाचता आलं आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण ही चिप नॉव्हेल कंपनीच्या एनई2000 या जुन्या नेटवर्क कार्डासारखी चालते आणि त्याचा डॉसचा (त्या मशीनवरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा) ड्रायव्हर अजून मिळतो. मित्राच्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवरून तो आणि एमटीसीपी (डॉसला नेटवर्कवर बोलायला लावणारे प्रोग्रॅम) आत नेलं.

ड्रायव्हरला कार्डाचा पोर्ट (मशीनमधला त्याचा पत्ता) 300 दिल्यावर कार्डाने आपला नेटवर्कवरचा बारा आकडी पत्ता लगेच दाखवला, राउटरचा दिवाही लागला, पण पिंगला (दुसरं मशीन उत्तर देतं का ते बघायच्या हाकेला) उत्तर काही येईना. तीन रात्री यात गेल्या. गडबड आयआरक्यूची होती. बाबा, डेटा आला की कार्ड प्रोसेसरला ज्या तारेवरून हाक मारतं तो तिचा नंबर, तो चुकला तर कार्ड दिसतं पण त्याची हाक कुणाला ऐकूच जात नाही. 5 देऊन बघितला, 3 देऊन बघितला (तो दुसऱ्या सीरियल पोर्टचा असतो), प्रत्येक वेळी रीस्टार्ट, प्रत्येक वेळी वहीत टीप, मोटर दुरुस्त करताना तुम्ही करायला लावायचात तशी. 10 दिला आणि पिंगची उत्तरं धडाधड यायला लागली. रात्रीचा दीड वाजला होता, मी हिला उठवून दाखवलं.

मग एफटीपीने (नेटवर्कवरून फाईली पाठवायच्या पद्धतीने) सगळं लॅपटॉपवर ओढलं. तुमचे हिशोब आहेत, माझा दहावीचा अभ्यासाचा तक्ता आहे, आणि डॉसमध्ये नाव आठ अक्षरांत बसवायचं म्हणून तुम्ही आजीओव्या असं जोडून नाव दिलेली ती फाईल. आई सांगतेय आणि तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करताय, मी शेजारी बसून बघायचो.

मी आता त्या देवनागरीत उतरवून घेतोय. आई, काही शब्द मला लागत नाहीयेत, बाबांच्या स्पेलिंगवरून जातं आहे की जातो आहे तेच कळत नाही. रविवारी दुपारी फोन करतो, फाईल उघडून बसतो, तू चालीत म्हण, घाई करू नकोस.

तुमचा,
बाळू