पट्टी न विचारता पाठवलेली गाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत स्वतंत्र संगीतकारांवर दोन पानं होती. त्यात तिघाचौघांची एकच तक्रार होती, की संगीतावर लिहिणाऱ्या ब्लॉगवाल्यांना मेल पाठवून दमलो, साधी पोचही येत नाही. पोच न देणाऱ्यांपैकी मी एक. म्हणून हे पत्र.

दिवसा मी मिरजेत एका पतसंस्थेत हिशेब बघतो. रात्री जेवण आटोपलं की कानाला हेडफोन लावून बसतो. कुठल्याही कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःच गाणी करणाऱ्या मराठी पोरापोरींबद्दल गेली नऊ वर्षं माझ्या ब्लॉगवर लिहितो आहे. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि मी मागतही नाही. वाचक मूठभर आहेत, पण त्यांतले दोघंतिघं छोटे कार्यक्रम ठरवतात, एक जण नाटकाला संगीत देतो. एवढ्या भांडवलावर आठवड्याला तीसेक मेल येतात. लिहून होतं दोन गाण्यांवर, फार तर तीन.

उरलेल्या सत्तावीस जणांना वाटतं, ह्याला आपलं गाणं आवडलं नाही. खरं सांगायचं तर त्यांतल्या निम्म्यांचं गाणं माझ्या कानापर्यंत पोचलेलंच नसतं.

मागच्या एका सोमवारचंच घ्या. पहिला मेल एकाच वेळी साठ जणांना धाडलेला, सगळ्यांचे पत्ते उघडे. त्यावर कुणीतरी ‘माझं नाव यादीतून काढा’ असं सगळ्यांनाच लिहिलं, मग तिसऱ्याने त्यालाही सगळ्यांदेखत उत्तर दिलं. रात्रीचे पावणेअकरा, आणि मी अनोळखी माणसांचं भांडण वाचत बसलोय. दुसऱ्या मेलमध्ये माझ्या ब्लॉगचं तोंडभर कौतुक होतं, फक्त ‘प्रिय’च्या पुढे नाव दुसऱ्याच कुणाचं. तिसऱ्यात गूगल ड्राइव्हची लिंक. दाबली तर ‘परवानगी मागा’. मागितली. परवानगी बुधवारी दुपारी आली, तेव्हा मी कर्जखात्यांचं व्याज काढत होतो. ह्यात पोरांची तशी चूकही नसते. जीमेलमध्ये २५ एमबीच्या वरची फाइल जोडली, की ती आपोआप ड्राइव्हवर जाऊन तिची लिंक होते. ती कुणालाही उघडेल अशी ठेवायची असते, हे पाठवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या फोनवर ती उघडतेच. पाठवण्याआधी मित्राच्या फोनवर एकदा दाबून बघावी, एवढंच. चौथ्यात गाणं मिळालं एकदाचं, पण फाइलचं नाव ‘फायनल फायनल ३’. उतरवून घेतली आणि आठवड्याने शोधायला गेलो, तर त्या नावाच्या माझ्याकडे पाच फायली!

आमचं घर सतारमेकर गल्लीपासून दोन मिनिटांवर. लहानपणी शाळेतून येताना दुकानाच्या पायरीवर बसायचो. मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावाला झालेला आनंद मी पाहिला आहे. पण मला सांगायचंय ते पायरीवरून दिसलेलं. कुणी तानपुरा मागायला आलं की कारागीर आधी विचारायचा, “गाणार कोण? पट्टी कुठली?” पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सूर. पुरुषाच्या आवाजाचा भोपळा मोठा, बाईच्या आवाजाचा लहान, तारा वेगळ्या. मग जवारी काढायला, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करायला बसायचा. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, मान हलवायची, परत घासायचं. ह्यात अख्खी दुपार जायची. तोंडाने एकदाही म्हणायचा नाही की वाद्य अप्रतिम आहे.

मला येणाऱ्या मेलांत ‘अप्रतिम’ भरपूर असतं. पट्टी कुणी विचारलेली नसते. मी मराठी गाण्यांवर लिहितो, त्यातही शब्दांवर जास्त. हे माझ्या कुठल्याही दोन लेखांवरून कळेल. तरी क्लबात वाजवायचं निःशब्द इलेक्ट्रॉनिक संगीत माझ्याकडे येतं. त्यातलं काही चांगलंही असेल, पण त्यावर मी काय लिहिणार, कप्पाळ? त्या पोराने त्या संगीतावर लिहिणारे पाच जण शोधून पाच वेगळी पत्रं लिहिली असती, तर त्याची संध्याकाळ कामी आली असती.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. इचलकरंजीच्या एका मुलाचा मेल आला होता. चार परिच्छेद, सगळे गुळगुळीत इंग्रजीत, कुठल्यातरी यंत्राकडून लिहून घेतल्यासारखे. ‘सीमा ओलांडणारा ध्वनिप्रवास’ अशा अर्थाचं काहीतरी. पोराचं गाव तेवढं शेवटच्या ओळीत. मी सहसा असले मेल पुढे ढकलतो. पण इचलकरंजी माझी सासुरवाडी, म्हणून एक ओळ लिहिली: “हे गाणं कशाचं आहे, ते तुझ्या आईला सांगशील तसं मला सांग.”

दोन दिवसांनी उत्तर आलं. जसंच्या तसं देतो, त्याची परवानगी घेतली आहे.

“काका, आमच्या घरात चार माग आहेत. वीज गेली की चारी एकदम थांबतात आणि घर गप्प होतं. तेव्हा आजी बोलते, एरवी तिचं ऐकूच येत नाही. मागाची खटखट फोनवर घेतलीय, तिच्यावरच ठेका आहे. २ मिनिटं १० सेकंदांवर वीज जाते. तिथनं पुढं आजी आहे. ऐकून सांगा की.”

मी सरळ २ मिनिटं १० सेकंदांवर गेलो. खटखट तुटली आणि पाठोपाठ एक म्हातारी कुणालातरी म्हणाली, “दिवा लाव गं.” मग मी गाणं पहिल्यापासून ऐकलं, चार वेळा ऐकलं, आणि त्या रात्री झोपायला दीड वाजला. गाण्यात दोष होते. दुसऱ्या कडव्यात गाणाऱ्याचा आवाज मागाखाली दबलाय, तेही मी लिहिलं. पण लिहिलं. पहिल्या मेलातही हेच गाणं होतं, हे लक्षात घ्या. चार परिच्छेदांत आजी नव्हती, वीज नव्हती, मागसुद्धा नव्हते.

कुणी विचारतं, मेलात नेमकं काय असावं? तू कोण, कुठला, गाणं कशाचं, कितव्या सेकंदाला कान द्यायचा, कुठल्या तारखेला बाहेर येणार. उतरवून न घेता वाजेल अशी एक लिंक. शब्द टाइप करून, फोटो काढून नव्हे. आणि कुणी काय वाजवलं, ध्वनिमुद्रण कुणी केलं, मिश्रण कुणी केलं, ती नावं शुद्ध लिहिलेली. ह्या नावांबद्दल मी जरा हळवा आहे. एकदा ढोलकीवाल्याचं नाव मेलात नव्हतं, म्हणून माझ्या लेखातही आलं नाही. तो भला माणूस गावच्या जत्रेत भेटला नि हसून म्हणाला, “वाजवलं मीच होतं बरं का.” मला मान वर करवेना.

तारखेचंही एक आहे. जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी बाहेर काढायची रीत पडली. त्यामुळे गुरुवारी रात्री नि शुक्रवारी सकाळी मेलपेटी पुराच्या कृष्णेसारखी फुगते. त्यात ‘आज गाणं आलं, आजच लिहा’ म्हणणाऱ्याचं गाणं वाहून जातं. दोनतीन आठवडे आधी, मंगळवार-बुधवारी पाठवलं तर माझ्यासारखा नोकरदार शनिवारी ऐकतो. स्पॉटिफाय ह्या गाणी ऐकवणाऱ्या अॅपच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तरी ते आलेलं नसताना, किमान ७ दिवस आधी द्यावं लागतं. मग त्याच वेळी आम्हालाही पाठवा. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. पण रोज रात्री व्हॉट्सअॅपवर ‘ऐकलं का?’ नको. एकाने तर पतसंस्थेच्या लँडलाइनवर फोन केला, आणि आमच्या व्यवस्थापकांना वाटलं, ठेव मोडायला आलाय.

आता एक जोखमीची गोष्ट. गेल्या आषाढीला पुण्याच्या एका चमूने तुकोबांचा अभंग पाठवला. सोबत लिहिलं होतं, ‘शब्द-चाल पारंपरिक’. गिटारवर छान बसवला होता. लेख लिहून झाला, आणि आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारलं, “ही चाल रेडिओवरची नाही का?” होतीच. तुकोबांचे शब्द सर्वांचे, पण त्या चालीला संगीतकार होता, आणि आपल्या कायद्यात रचनाकाराचा हक्क त्याच्या हयातीत नि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पोरांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी ती चाल वारीतच ऐकली होती. पण लेख गेला असता तर त्यांच्याबरोबर मीही चोर ठरलो असतो. चाल कुठून उचलली, सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला उचललेला तुकडा, कुणाचं, हे आधीच लिहून टाकलं तर अडत काहीच नाही.

पैशांबद्दलही लिहायला हवं, कारण आपल्या पुरवणीत ते आलं नाही. जेसन ग्रिश्कॉफ हा इंडी शफल नावाचा संगीतब्लॉग चालवणारा. मेलांच्या ढिगाला कावून त्याने २०१५ साली ब्लॉगवाल्यांना गाणी पाठवायची सबमिटहब ही वेबसाइट काढली. तिथे थोडे पैसे भरले तर ब्लॉगवाला ४८ तासांत ऐकून उत्तर देतो. ते पैसे ऐकण्याचे, स्तुतीचे नव्हेत, आणि नकारही मिळतो. पटो न पटो, व्यवहार उघडा आहे. पण इन्स्टाग्रामवर ‘पाच हजारांत फीचर’ असे निरोप येतात, ते वेगळं प्रकरण. साताऱ्याच्या एका मुलीने शिकवणीचे साठवलेले पैसे असे घातले. छापून काय आलं, तर तिनेच पाठवलेला मजकूर, जशाचा तसा, शुद्धलेखनाच्या चुकांसह. तो लेख तिच्या आत्याशिवाय कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. तिने तेच गाणं मला फुकट पाठवलं असतं तर मी लिहिलं असतं का? कदाचित नसतं. पण पैसे तरी राहिले असते.

आणि आमचाही दोष आहेच. मार्चअखेरीस पतसंस्थेत ताळेबंद असतो, तेव्हा दीड महिना मी मेलपेटी उघडत नाही. कुठे तसं लिहूनही ठेवलेलं नव्हतं. आपली पुरवणी वाचल्यावर ब्लॉगच्या माथ्यावर टाकलं: मी काय ऐकतो, काय नाही, किती दिवस लागतात, कुठल्या महिन्यात बंद असतो. हे नऊ वर्षांपूर्वी करायला हवं होतं. त्या दीड महिन्यांतल्या मेलांत आणखी किती आज्या बोलत राहिल्या असतील, हा विचार मी मुद्दामच फार करत नाही.

आपल्याकडे एक मागणं. आपल्या पुरवणीत नाटकं, पुस्तकं, सिनेमे ह्यांना ठरलेली जागा आहे. पुस्तकांसाठी ‘परीक्षणार्थ दोन प्रती पाठवाव्यात’ अशी चौकटही मी शाळेत असल्यापासून वाचतो आहे. गाण्यासाठी तशी चौकट नाही. महिन्यातून एक गाणं, दीडशे शब्द, आणि खाली गाणं कुठे, कसं, किती दिवस आधी पाठवायचं त्याच्या तीन ओळी. ऐकायला माणूस कमी पडत असेल तर शनिवार-रविवार मी मोकळा असतो, मानधन नको.

इचलकरंजीच्या मुलाचा काल पुन्हा मेल आला. गाणं नवीन नाही. आजीने विचारलंय, पेपरात येणार असेल तर कुठल्या दिवशी, म्हणजे ती शेजारणीला सांगून ठेवेल. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
एक वाचक, मिरज

ता. क. नाव-पत्ता सोबत आहे, पण छापू नये ही विनंती. सोमवारची मेलपेटी आहे तेवढीच पुरे.