कच्ची तंगडी आणि काकांचं खोटं

काका,

त्या रात्री गच्चीवर तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. चार माणसं समोर होती आणि मला काही बोलवेना. म्हणून आता हे पत्र, सगळ्यांदेखत.

चिकन आदल्या रात्रीच लावून ठेवलं होतं. दही, लिंबू, आलं-लसूण आणि वर वाटीभर कच्च्या पपईचा गर. 'जितकं मुरेल तितकं मऊ' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी एकही जण शेगडीजवळ फिरकला नाही. धूर फार होतोय, एवढं मात्र लांबून कळवत होते. पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं, रात्रभर ठेवलं तर वरचा थर लगदा होतो, हे तुमच्याकडून नंतर कळलं. तेव्हा नुसता तो लगदा हाताला लागत होता.

त्यात कोळशावर पांढरी राख धरायच्या आतच मी तंगड्या चढवल्या. तेल ठिबकलं, जाळ उठला, मसाला काळा ठिक्कर. काळं दिसलं म्हणजे शिजलं, असं समजून पहिली तंगडी पाहुण्यांच्या ताटात वाढली. हाडाजवळ ती चक्क कच्ची. कोणीतरी फिस्सकन हसलं. (कोण, ते मला माहीत आहे.)

आणि तुम्ही म्हणालात, "अरे, चूक माझी. भूक लागली म्हणून मीच त्याला घाईने काढायला लावलं."

साफ खोटं! तोवर तुम्ही अवाक्षरही काढलं नव्हतं.

मग निखारे एका बाजूला सारलेत, तंगड्या दुसऱ्या बाजूला ठेवायला लावल्यात, वर पातेलं उपडं घातलंत. घरून तापमान मोजायचा काटा आणून हाडाजवळ खुपसायला दिलात: 74 अंश झाल्याशिवाय उतरवायचं नाही. एवढं सगळं झालं, पण चिमटा शेवटपर्यंत माझ्याच हातात राहू दिलात. तुमच्या जागी मी असतो तर केव्हाच हिसकावून घेतला असता. दुसऱ्याची फजिती स्वतःच्या अंगावर घेऊन वर त्याचा चिमटाही त्याच्याकडेच ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. घरातही नाही.

रविवारी पुन्हा शेगडी पेटवतोय. या वेळी पपई नाही. मीठ आधी चोळून ठेवणार, कारण आतपर्यंत तेच जातं, मसाला वरच राहतो. दही टांगून घट्ट केलेलं, म्हणजे पाणी सुटून तंगड्या वाफवल्यासारख्या होणार नाहीत.

पहिली तंगडी तुमची. काटा अजून माझ्याकडेच आहे, मोजूनच वाढीन.