फर्गीचे गाणे फसले, म्हणून काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकन बास्केटबॉलमधील झगमगाटावरचा लेख वाचला. एनबीएच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, सामन्यांत पॉप गायकांना राष्ट्रगीत गायला बोलावणे बंद करावे, असा त्याचा सूर आहे आणि दाखला पॉप गायिका फर्गीचा दिला आहे. २०१८च्या ऑल-स्टार सामन्यात (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यात) तिने लॉस एंजेलिसला ते गीत जॅझच्या ढंगात, संथ लयीत गायले. ते फसले, यात वाद नाही. रांगेत उभ्या खेळाडू ड्रेमंड ग्रीनला हसू आवरेना, जगभर खिल्ली उडाली आणि तिला माफी मागावी लागली.

पण त्याच महानगरात १९८३च्या ऑल-स्टार सामन्याआधी गायक मार्विन गे याने काय केले, ते लेखात यायला हवे होते. इंगलवूडच्या 'फोरम' स्टेडियममध्ये तो सूट घालून, काळा चष्मा लावून उभा राहिला आणि बँडऐवजी ड्रम मशीनचा सावकाश ठेका सुरू झाला. राष्ट्रगीताला ठेका! आधी सगळे चपापले असणार. पुढे मात्र प्रेक्षक त्या तालावर टाळ्या धरू लागले. गाणे अडीच मिनिटांच्या आसपास चालले. २००४च्या ऑल-स्टारला त्याची मुलगी नोना हिने वडिलांच्या त्याच ध्वनिमुद्रणासोबत गाऊन त्याला आदरांजली वाहिली. गायकाला मोकळीक होती म्हणून हे घडले. ती काढून घेतली तर फर्गी टळेल, पण मार्विन गेही हातचा जाईल.

मी शाळेत बास्केटबॉल शिकवायचो आणि घरी थोडीफार पेटी वाजवतो, म्हणून सांगतो: ते गीत गायला महाकठीण आहे. मूळ चाल लंडनच्या एका मंडळाच्या मैफिलीतल्या गाण्याची, पल्ला जवळजवळ दीड सप्तकाचा. सुरुवातीला पट्टी जरा चढी धरली की शेवटी गळा ताणावाच लागतो. त्यात हजारोंचे स्टेडियम, आपलाच आवाज उशिरा घुमून परत येणारा. आपल्याकडे राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद आणि ठरलेली चाल. त्यात कोणी ताना घेतल्या तर मलाही खपणार नाहीत. तिकडची रीत वेगळी आहे. अर्थात तिथल्या मोकळिकीचीही किंमत मोजावी लागली आहे. १९६८मध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अजिंक्यपदाच्या सामन्यांत, गायक होसे फेलिसियानोने ते गिटारवर आपल्या पद्धतीने गायले, तर केवढा गहजब झाला, आणि त्यानंतर अनेक रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी लावणे सोडले.

२००३मध्ये पोर्टलंडला एनबीएच्या प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) सामन्याआधी एक तेरा वर्षांची मुलगी शब्द विसरून गोंधळली. तिथल्या ट्रेल ब्लेझर्स संघाचे प्रशिक्षक मॉरिस चीक्स चालत तिच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि बेसूर का होईना, तिच्याबरोबर गाऊ लागले. सगळे स्टेडियम गाऊ लागले. तिथे तर गायिका पॉप स्टारही नव्हती, तेव्हा चुका फक्त पॉपवाल्यांच्याच होतात असे कोणी म्हणू नये.

लेखकाला राग काढायचाच असेल तर खेळ चालू असताना लाउडस्पीकरवर जे ढणढण संगीत वाजवतात त्यावर काढावा. त्याने सामना बघणाऱ्याचे डोके उठते. मध्यंतराची पंधरा मिनिटे कोणी गायले तर खेळाचे काय बिघडते? आणि फर्गीने माफी मागायची गरज नव्हती. पुढच्या वर्षी तिलाच पुन्हा बोलवायला हवे होते.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नागपूर