हायड्रोजेल घेताना आपल्या पाण्याचा विचार करा

महोदय,

जेल म्हटले की केसांना लावायचा चिकट पदार्थ एवढेच अनेकांना आठवते. वस्तुतः लांब रेणूंच्या जाळीत द्रव अडकून पडला की जो थुलथुलीत, न वाहणारा पदार्थ तयार होतो, तो जेल. पेरूच्या जेलीत ही जाळी फळातील पेक्टिनची असते, तर चायना ग्रासमध्ये समुद्री शैवालातील अगारची. सोनोग्राफीचे जेल त्वचा आणि यंत्र यांमधील हवा दूर करते, कारण त्या ध्वनिलहरी हवेतून जवळजवळ पुढे जातच नाहीत.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष व भाजीपाला उत्पादकांना मात्र जमिनीत मिसळायचे हायड्रोजेल अधिक जवळचे वाटावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले पुसा हायड्रोजेल स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून घेते आणि माती सुकू लागली की ते मुळांना सोडते. तथापि शुद्ध पाण्यात दिसणारी ही क्षमता क्षारयुक्त पाण्यात बरीच घटते, त्यामुळे पेल्यातील प्रात्यक्षिकावर (ते दिसते मात्र मोहक!) विसंबून न राहता बोअरवेलवर शेती करणाऱ्यांनी ते आपल्याच पाण्यात भिजवून पाहावे.

फुलदाणीच्या सजावटीसाठी विकले जाणारे रंगीत जलमणीही याच जातीचे. लहान मुलाने ते गिळल्यास आतड्यात फुगून अडथळा निर्माण होऊ शकतो. त्यांच्या पाकिटांवर ठळक मराठी इशारा छापणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे.

आपला नम्र,
एक वाचक, पंचवटी, नाशिक